रीमुर म्हणजे काय? सिगुर्दुर ब्रेइदफ्योर्द या आइसलँडी कवीच्या निमित्ताने

१८३७ साली ‘फ्योल्निर’ या आइसलँडी वार्षिकात एका काव्यपुस्तकाचे परीक्षण प्रसिद्ध झाले. ते लिहिले होते योनास हाल्ग्रिम्सोन याने. पुढे आइसलँडचा सर्वांत लाडका कवी ठरलेला हा तरुण तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता. पुस्तक होते सिगुर्दुर ब्रेइदफ्योर्द याचे, आणि त्याची कडवी त्या काळी शेतघराशेतघरांतून म्हटली जात असत. परीक्षण इतके कठोर होते की आइसलँडच्या वाङ्मयेतिहासात त्याची चर्चा आजही होते. योनासचा रोख एकट्या सिगुर्दुरवर नव्हता. ‘रीमुर’ हा काव्यप्रकारच राष्ट्राला लाज आणणारा आहे आणि तो लोकांची सौंदर्याची जाण बोथट करतो, असे त्याचे म्हणणे होते.

आइसलँडचे साहित्य म्हटले की आपल्याकडच्या वाचकाला मध्ययुगीन गद्य सागा आठवतात, फार तर विसाव्या शतकातल्या कादंबऱ्या. मधली पाच-सहा शतके त्या देशातले लोक काय ऐकत होते, हा प्रश्न सहसा पडत नाही. ते मुख्यत्वे रीमुर ऐकत होते. मग लोकांना इतका प्रिय असलेला काव्यप्रकार एका थोर कवीला इतका टाकाऊ का वाटला? माझे उत्तर असे की योनासने कानासाठी केलेली रचना डोळ्याने तपासली. त्याच्या बऱ्याच तक्रारी खऱ्या असूनही निकाल पुरा न्याय्य का वाटत नाही, हे समजण्यासाठी आधी या रचनेची घडण पाहावी लागते.

### कथा, कडवी आणि आरंभीचे प्रेमगीत

रीमुर म्हणजे पद्यात सांगितलेली, चालीवर म्हणून दाखवायची दीर्घ कथा. ‘रीमुर’ हे अनेकवचन आहे. एका भागाला ‘रीमा’ म्हणतात, आणि अशा अनेक रीमांची मिळून एक कथा पूर्ण होते. उपलब्ध असलेली सर्वांत जुनी रीमा चौदाव्या शतकातली आहे. आइनार गिल्सोन याने रचलेली राजा ओलाफ हारल्डसोन याच्यावरची ही पासष्ट कडव्यांची रीमा ‘फ्लातेयारबोक’ या प्रसिद्ध हस्तलिखितात सापडते. तेव्हापासून विसाव्या शतकापर्यंत रचल्या गेलेल्या अशा कथाकाव्यांपैकी हजाराहून अधिक आज ज्ञात आहेत. सन १८०१ च्या जनगणनेत ज्या देशाची लोकसंख्या जेमतेम सत्तेचाळीस हजार भरली, त्या देशासाठी हा आकडा थक्क करणारा आहे.

प्रत्येक रीमेच्या आरंभी कवी स्वतःच्या आवाजात काही कडवी म्हणतो. या प्रस्तावनेला ‘मान्सोंगुर’ म्हणतात. मूळ संकेत असा की ही कडवी एखाद्या स्त्रीला उद्देशून असावीत: तिचे कौतुक, आपली विफल प्रीती, वाढते वय, दारिद्र्य. पुढे कवी तिथे काहीही बोलू लागले. हवामान, शेजाऱ्यांची निंदा, मायदेशाची आठवण, आपल्या कवित्वाबद्दलची कुरकुर, सारे त्यात आले. मान्सोंगुर संपला की कवी बाजूला होतो आणि कथा सुरू होते. नवी रीमा सुरू झाली की बहुधा वृत्तही बदलते, म्हणजे अठरा रीमांच्या कथेत श्रोत्याला अनेक वेगवेगळ्या चाली मिळतात.

### कडव्याची बांधणी

आता एक कडवे जवळून पाहू. सिगुर्दुरच्या सर्वांत गाजलेल्या रचनेतले हे कडवे आइसलँडमध्ये आजही पुष्कळांना पाठ असते. त्याचा ढोबळ उच्चार असा:

मोदुर्योर्द, क्वार मादुर फायदिस्त,
मुन हुन एयी फ्लेस्तुम क्यायर,
थार सेम ल्योसिद लीवि ग्लायदिस्त
ओग लीतिल स्कोपुन थ्रोस्का नायर.

आशय साधा आहे. जिथे माणूस जन्माला येतो ती जन्मभूमी बहुतेकांना प्रिय नसेल का, जिथे उजेडाने जीव फुलतो आणि चिमुकली सृष्टी वाढीला लागते! यातले यमक मराठी वाचकाला सहज ऐकू येईल: पहिली आणि तिसरी ओळ ‘फायदिस्त’ आणि ‘ग्लायदिस्त’ यांनी जुळते, दुसरी आणि चौथी ‘क्यायर’ आणि ‘नायर’ यांनी. पण या पद्याचा खरा सांधा यमकात नाही. तो आघात पडणाऱ्या शब्दांच्या आरंभीच्या ध्वनीत आहे. पहिल्या ओळीत ‘मोदुर्योर्द’ आणि ‘मादुर’ असे ‘म’ने सुरू होणारे दोन शब्द येतात, आणि दुसरी ओळ ‘मुन’ या तिसऱ्या ‘म’नेच उघडते. तिसऱ्या ओळीत ‘ल्योसिद’ आणि ‘लीवि’, तर चौथ्या ओळीत ‘ओग’ हा आघातहीन शब्द सोडला की लगेच ‘लीतिल’. विषम ओळीत दोन, सम ओळीच्या आरंभी एक, असा हा अनुप्रासाचा नियम आहे आणि तो कवीच्या मर्जीवर सोडलेला नाही. हे तीन ध्वनी चुकले तर आइसलँडी कानाला ते पद्यच वाटत नाही.

सिगुर्दुरचा पोटापाण्याचा धंदा लाकडी पिंपे घडवण्याचा होता, आणि त्याच्या कडव्याची बांधणी समजावून सांगायला मला तोच दाखला योग्य वाटतो. पिंपाच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नसतात. प्रत्येक फळी नेमक्या तिरकसपणाने तासलेली असते आणि भोवतीच्या पट्ट्यांच्या दाबामुळे त्या सगळ्या एकमेकींना घट्ट धरून राहतात. रीमेच्या ओळीही तशाच मोजून तासलेल्या असतात. त्यांना आवळून धरणारा पट्टा म्हणजे हा अनुप्रास. तो ढिला पडला की सारे कडवे गळू लागते.

नियमांत पोटनियमही आहेत. कोणताही स्वर दुसऱ्या कोणत्याही स्वराशी जुळतो, पण ‘स्क’ने सुरू होणारा शब्द ‘स्क’शीच जुळला पाहिजे, नुसत्या ‘स’शी नाही. ओळींची लांबी, यमकांची जागा आणि ओळीच्या पोटात येणारी आंतरयमके यांचे भेद धरून अभ्यासकांनी रीमुरच्या वृत्तांचे दोन हजारांवर प्रकार नोंदवले आहेत. काही कडवी तर अशी आहेत की शब्द उलट क्रमाने वाचले तरी अर्थ आणि वृत्त दोन्ही टिकतात. या टोकाच्या कसरतींचे मला फारसे अप्रूप नाही. साध्या चार ओळींत बोलण्याची सहजता राखून तीन ध्वनी नेमके बसवणे मला त्याहून अवघड वाटते, आणि सिगुर्दुरचे कौशल्य तिथेच दिसते.

### कवितेला ‘बुटक्यांची नाव’ का म्हणायचे?

रीमुर वाचणारा नवखा माणूस सर्वांत जास्त अडखळतो तो ‘केनिंग’पाशी. एखाद्या वस्तूचे नाव सरळ न घेता दोन-तीन शब्दांच्या आडवळणाने ती सुचवायची, याला केनिंग म्हणतात. जहाजाला लाटांचा घोडा म्हणायचे, सोन्याला फाफ्निर नावाच्या नागाचे अंथरूण म्हणायचे, स्त्रीला सोन्याची देवी म्हणायचे. आपल्याला ‘गिरिधर’ म्हटल्यावर कृष्ण कळतो, कारण गोवर्धनाची कथा आपण ऐकलेली असते. आइसलँडी श्रोत्याचेही तेच होते.

मान्सोंगुरमध्ये कवी वारंवार म्हणतो की आता मी बुटक्यांची नाव पाण्यात लोटतो. याचा अर्थ आता मी कविता सुरू करतो. यामागची कथा स्नोरी स्तुर्लुसोन याने सुमारे १२२० साली लिहिलेल्या ‘एद्दा’ या ग्रंथात दिली आहे. फ्यालार आणि गालार या दोन बुटक्यांनी एका ज्ञानी पुरुषाला मारून त्याच्या रक्तात मध मिसळला आणि कवित्व देणारे पेय तयार केले. पुढे त्यांनी एका राक्षसालाही मारले, तेव्हा त्याच्या मुलाने, सुत्तुंगने, त्या दोघांना भरतीत बुडणाऱ्या खडकावर नेऊन ठेवले. जीव वाचवण्यासाठी त्यांनी ते पेय त्याला देऊन टाकले. ज्या पेयाने त्यांना समुद्रातून पार नेले ते त्यांची नाव ठरले, आणि ते पेय म्हणजेच कविता. नंतर ओदिन देवाने ते पळवले, म्हणून कवितेला ओदिनचे पेय असेही म्हणतात.

हे सगळे दुर्बोध वाटेल, आणि बऱ्याच कवींच्या हातून ते तसे झालेही. पण केनिंगचा एक व्यावहारिक उपयोग होता. अनुप्रासासाठी कधी ‘ब’ने सुरू होणारा शब्द हवा असतो तर कधी ‘ह’ने. ‘जहाज’ या अर्थाचे वीस पर्याय हाताशी असतील तर कवीला कथेचा वेग न मोडता ओळ पूर्ण करता येते. ऐकणारा प्रत्येक केनिंग सोडवत बसत नसे. ठरावीक प्रसंगी ठरावीक वळणाने येणारे हे शब्द त्याच्या कानाला सरावाचे झालेले असत.

### हिवाळ्याची संध्याकाळ

रीमुरचा रंगमंच म्हणजे शेतघरातली एकच मोठी खोली. भिंती आणि छप्पर गवताळ मातीच्या थरांचे. घरातले सगळे तिथेच झोपत आणि हिवाळ्यात तिथेच काम करत. त्या अक्षांशावर हिवाळ्यात दिवस काही तासांचाच असतो. संध्याकाळी माशाच्या किंवा सीलच्या तेलाचा दिवा लागला की लोकर पिंजणे, सूत कातणे आणि विणणे सुरू होई, आणि घरातला एक जण बाकीच्यांसाठी सागा वाची किंवा रीमा म्हणे. शेवटी धार्मिक वाचन होऊन दिवस संपे. चांगला म्हणणारा माणूस घरोघर फिरे, आणि त्याच्या मोबदल्यात त्याला जेवण आणि निवारा मिळे.

हे म्हणणे गाण्याहून वेगळे होते. वाद्य नसे. चाल चार ओळींपुरती, थोड्या सुरांची, बोलण्याच्या लयीला धरून चालणारी असे, आणि कडव्याच्या शेवटचा सूर लांबवला जाई. चाल विशिष्ट कवितेची नसे तर वृत्ताची असे, म्हणजे एक चाल येत असेल तर त्या वृत्तातले कोणाचेही कडवे तिच्यावर म्हणता येई. दोन-दोनशे कडव्यांचा प्रसंग तोच सूर धरून चाले. छापील पानावर हे कंटाळवाणे भासते. पण हात कामात गुंतलेले असताना, मंद उजेडात, ठराविक अंतराने परत येणारा ध्वनी हा कथेचा धागा धरून ठेवणारा आधार असतो. एक शब्द निसटला तरी पुढचा अनुप्रास ऐकणाऱ्याला परत ओळीवर आणतो, आणि म्हणणाऱ्यालाही पुढचा शब्द आठवून देतो.

लोकांच्या या आवडीवर सत्तेची नजर पहिल्यापासून वाकडी होती. बिशप गुद्ब्रांदुर थोरलाक्सोन याने १५८९ च्या आपल्या स्तोत्रसंग्रहाच्या प्रस्तावनेत राक्षस आणि वीरपुरुषांच्या रीमांचा निषेध केला. पण लोकांची ओढ त्याला पक्की ठाऊक होती, म्हणून १६१२ साली त्याने बायबलमधील कथांवरच्या रीमुर छापल्या. १७४६ मध्ये घरगुती शिस्तीसंबंधीच्या राजाज्ञेने अशा अधार्मिक कथा आणि रीमुर यांच्याविरुद्ध ताकीद दिली. याचा परिणाम फारसा झाला नाही. लोक हाताने नकला करत राहिले आणि म्हणत राहिले.

### पिंपे घडवणारा कवी

सिगुर्दुरचा जन्म ४ मार्च १७९८ रोजी पश्चिम आइसलँडमधल्या ब्रेइदाफ्योर्दुर या बेटांनी भरलेल्या विस्तीर्ण उपसागरातल्या एका बेटावर झाला. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते, वडिलांच्या नावावरून ओळख सांगतात. सिगुर्दुरने मात्र या उपसागराचेच नाव आडनाव म्हणून घेतले. तरुणपणी त्याला कोपनहेगनला पिंपे बनवण्याचे काम शिकायला पाठवले गेले, आणि परतल्यावर त्याने वेगवेगळ्या व्यापारी ठाण्यांवर ते काम केले. दारू, कर्ज आणि अस्थिरता त्याच्या पाठीशी लागलेली होती. पहिल्या लग्नातून कायदेशीर सुटका न होता त्याने दुसरे लग्न केले आणि त्यावरून खटल्याला सामोरा गेला. हा तपशील त्याच्याबद्दलच्या आख्यायिकांत इतका रंगवला गेला आहे की कवी मागे पडतो, म्हणून मी त्यात अधिक शिरत नाही.

१८३१ ते १८३४ या काळात तो डॅनिश व्यापारी कंपनीच्या नोकरीत ग्रीनलंडला होता. तिथेच त्याने आपली उत्तम रचना केली: प्राचीन रोमचा राजा नूमा याच्यावरच्या अठरा रीमा. कथा त्याची नव्हती. ती फ्लोरियाँ या फ्रेंच लेखकाच्या १७८६ सालच्या कादंबरीतून आलेली आहे. पण या रीमांचे मान्सोंगुर सर्वस्वी त्याचे आहेत. वर दिलेले जन्मभूमीचे कडवे त्यातलेच. बर्फाळ परमुलखात बसून लिहिणारा हा माणूस रोमन राजाची कथा सुरू करण्याआधी आइसलँडच्या डोंगरांना आणि हिरव्या उतारांना हाक मारतो, आणि ती हाक मारताना केनिंगचे ओझे जवळजवळ खाली ठेवतो. हे पुस्तक १८३५ साली रेक्याविकजवळच्या विदेय बेटावर छापले गेले. त्या वेळी देशातला एकुलता एक छापखाना तिथे होता.

१८४६ च्या उन्हाळ्यात, गोवरची साथ चालू असताना, तो रेक्याविकमध्ये दारिद्र्यात मरण पावला. त्याचा टीकाकार योनास त्याच्या एक वर्ष आधी कोपनहेगनमध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला होता.

### योनासचे म्हणणे चुकीचे होते का?

नव्हते, निदान सगळे नव्हते. त्याने परीक्षणासाठी घेतलेले पुस्तक नूमाचे नव्हते. ते १८३१ साली कोपनहेगनला छापलेले तिस्त्रान आणि इंदियाना यांचे कथाकाव्य होते, आणि ते सिगुर्दुरच्या दुबळ्या रचनांपैकी आहे. कथा पोकळ, पात्रांच्या वागण्याला कारण नाही, आणि अनेक ठिकाणी शब्द केवळ अनुप्रास भरून काढण्यासाठी बसवलेले दिसतात. रीमुरच्या प्रचंड साठ्यात अशा भरतीच्या ओळी खूप आहेत, हे कोणाही प्रामाणिक वाचकाला मान्य करावे लागेल. शिवाय योनास आणि त्याचे सहकारी डॅनिश सत्तेखाली दबलेल्या देशाला नवी दृष्टी द्यायला निघालेले होते. भाषा स्वच्छ, प्रतिमा डोळ्यांसमोर उभी राहणारी आणि भावना खरी असावी, असा त्यांचा आग्रह होता.

त्याची गफलत कसोटीत झाली. भावकवितेत एकेक शब्द अटळ असावा लागतो, कारण वाचक थांबतो, मागे जातो, पुन्हा वाचतो. म्हणून दाखवण्याच्या कथेत श्रोत्याला मागे जाता येत नाही. तिथे ठरीव वाक्प्रयोग, पुनरुक्ती आणि ओळखीचे केनिंग त्याला श्वास घ्यायला जागा देतात. अनुप्रासाचा जुना नियम तर योनासने स्वतःच्या कवितेतही कसोशीने पाळला, आणि त्यातल्या काही सुंदर कविता रीमुरच्याच चार ओळींच्या वृत्तात आहेत. रीमुरने शतकानुशतके सामान्य माणसाचा कान तयार करून ठेवला नसता, तर त्या कविता इतक्या झपाट्याने लोकांच्या ओठांवर बसल्या असत्या, असे मला वाटत नाही.

### कथा उसनी असेल तर कवीचे काय?

हा आक्षेप आजच्या वाचकाच्या मनात हमखास येतो. रीमुरचा कवी बहुतेक वेळा आधीच असलेली गद्य कथाच पद्यात आणतो, आणि श्रोत्यांना ती पुष्कळदा ठाऊकही असते. पण या व्यवहाराने मोठे काम केले आहे. मूळ गद्य सागा नष्ट झाल्या आणि त्यांचे कथानक रीमुरमध्येच उरले, अशी उदाहरणे आहेत. उलट, रीमुर ऐकून पुन्हा गद्य कथा लिहिल्या गेल्या, असेही घडले. कवीची स्वतंत्रता तीन जागी शोधावी: मान्सोंगुरमध्ये, वृत्ताच्या निवडीत, आणि वादळ किंवा लढाईच्या प्रसंगी तो कथा कुठे ताणतो आणि कुठे आवरतो यात.

यात स्त्रिया कुठे होत्या, हाही प्रश्न रास्त आहे. मान्सोंगुरची संकल्पनाच पुरुषाने स्त्रीला उद्देशून बोलण्याची, पण स्त्रियाही रचत होत्या. सतराव्या शतकातल्या स्तेइनुन फिन्सदोत्तिर हिची ‘हिंद्लु रीमुर’ आणि ‘स्न्याइकोंग्स रीमुर’ ही दोन कथाकाव्ये टिकून आहेत. दोन्हींच्या कथा जुन्या लोकगीतांतल्या, शापाने रूप बदललेल्या माणसांच्या आहेत. तिच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.

### ही परंपरा आज कुठे आहे?

योनासच्या टीकेने रीमुर संपल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उरलेल्या काळात त्या जोमाने रचल्या आणि छापल्या गेल्या. त्यांना खरा धक्का बसला तो घर बदलल्यावर. लोक शेतघरे सोडून किनाऱ्यावरच्या गावांत आले, लोकरीच्या कामाची सामाईक संध्याकाळ उरली नाही, चर्चच्या ऑर्गनने आणि समूहगायनाने सुरांची आवड बदलली, आणि १९३० पासून रेडिओ सुरू झाला. गावाकडून रेक्याविकला आलेल्या काही जणांनी १९२९ साली ‘इदुन’ नावाचे मंडळ स्थापन केले आणि १९३५-३६ मध्ये दोनशे चाली तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. त्या २००४ साली पुस्तकासह प्रकाशित झाल्या. हे मंडळ अजूनही काम करते. २००१ मध्ये सिगुर रोस या जगभर ऐकल्या जाणाऱ्या वाद्यवृंदाने स्तेइन्दोर आंदेर्सन या रीमुर म्हणणाऱ्या कलावंताबरोबर ध्वनिमुद्रण केले, आणि आइसलँडबाहेरच्या अनेकांनी रीमा पहिल्यांदा ऐकली ती त्यात.

सिगुर्दुरचेही पुनर्वसन झाले. १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे हाल्दोर लाक्सनेस यांच्या एका कादंबरीत आजारी, पोरका, छळलेला मुलगा अंथरुणावर पडून असतो आणि त्याला सिगुर्दुर ब्रेइदफ्योर्द भेटायला येतो. शिकलेल्यांनी नाकारलेला कवी गरीब घरांत काय होऊन राहिला होता, हे त्यावरून कळते.

पहिल्यांदा रीमा ऐकणाऱ्याला मी एवढेच सुचवीन की अर्थाची चिंता सोडून ओळीतले दोन आणि पुढच्या ओळीच्या तोंडचा एक, असे तीन ध्वनी पकडायचा प्रयत्न करावा. काही कडव्यांनंतर तिसरा ध्वनी येण्याआधीच कान त्याची वाट पाहू लागतो.